घटस्फोट, लेकराचा ताबा आणि वकील: खानदेशातल्या माणसासाठी पायरीपायरीने

माझ्या धाकट्या बहिणीला सुरतेच्या कोर्टाचं समन्स आलं तेव्हा ती चोपड्याला आमच्याकडे होती, सहा वर्षांचा मुलगा सोबत. पोस्टमनने रजिस्टर पाकीट पुढे केलं आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, "घेऊ नको, परत जाऊ दे, म्हणजे केस चालतच नाही." ही समजूत आपल्याकडे गावोगाव आहे आणि ती घात करते. नाकारलेलं पाकीट तसा शेरा घेऊन कोर्टात परत जातं, समन्स बजावलं गेलं असं कोर्ट धरतं आणि दावा एकतर्फी चालतो. बहिणीने पाकीट घेतलं, फोडलं, वाचलं. नवऱ्याने घटस्फोट मागितला होता आणि मुलाचा ताबाही. ती मला एवढंच म्हणाली, "दादा, माले मना पोऱ्या पाहिजे. बाकी काहीच नको."

पुढची चार वर्षं मी तिच्यासोबत वकिलांच्या ऑफिसांत आणि कोर्टाच्या व्हरांड्यांत काढली. मी शाळामास्तर आहे, वकील नाही. तुमच्या प्रकरणाला कायदा नेमका कसा लागू होतो हे तुमचा वकीलच सांगेल. तो वकील कसा शोधायचा, त्याच्याकडे काय घेऊन जायचं आणि त्याच्याकडून काय मागून घ्यायचं, एवढं मी सांगू शकतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट. घरात मारहाण होत असेल, जिवाची भीती असेल, तर घटस्फोटाचा विचार नंतर. ११२ वर किंवा महिलांसाठीच्या १८१ वर फोन करा, सुरक्षित जागी जा आणि २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज द्या. तालुक्यातल्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत तो देता येतो, वकील मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. त्याच अर्जात राहायचा हक्क, खर्च आणि मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो. आणि घर सोडताना लेकरू मागे ठेवून येऊ नका. "आत्ता आजीकडे राहू दे, नंतर नेऊ" म्हणत मागे राहिलेलं मूल सहा महिन्यांत तिथल्या शाळेत रुळतं, आणि मग समोरचा वकील म्हणतो, मूल इथे स्थिर आहे, त्याला हलवू नका.

आधी स्वतःशी ठरवा, काय हवं आहे

वकिलाकडे जाण्यापूर्वी एका कागदावर तीनच ओळी लिहा. मला काय हवंच आहे, काय मिळालं तर बरं, आणि काय मी सोडायला तयार आहे. हे न लिहिता गेलं तर बोलणं भरकटतं. सासूने काय टोमणा मारला, मानपानात काय कमी पडलं, दिराने काय केलं, यातच पहिला तास जातो. वकीलही मग सवयीने सगळ्याच केसेस टाकायला सांगतो. बहिणीला मुलगा हवा होता. पहिल्या वकिलाने तिच्याकडून पोटगीचा अर्ज, पोलिसांत द्यायची तक्रार आणि भांड्याकुंड्यांची यादी लिहून घेतली. मुलाच्या ताब्याबद्दल त्या सगळ्यात एक अर्ज नव्हता.

घटस्फोट हवाच आहे का, हेही याच कागदावर लिहा. पोटगीसाठी घटस्फोट घ्यावा लागत नाही. मुलाच्या ताब्यासाठीही लागत नाही. कितीतरी बायांना हे माहीत नसतं आणि त्या नको असलेल्या दाव्यात ओढल्या जातात.

तुम्हाला कोणता कायदा लागू होतो

हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना १९५५चा हिंदू विवाह कायदा. नोंदणी पद्धतीने, विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं असेल तर १९५४चा कायदा. मुस्लिम बाईला १९३९च्या कायद्याखाली कोर्टातून घटस्फोट मागता येतो, आणि एका दमात दिलेला तिहेरी तलाक २०१९च्या कायद्याने बेकायदा आहे. ख्रिस्ती कुटुंबांना १८६९चा घटस्फोट कायदा.

आता नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या पट्ट्यातल्या भिल्ल, पावरा, कोकणी, मावची कुटुंबांसाठी. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २(२) प्रमाणे केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याशिवाय तो कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. तिथे रूढी चालते: पंच बसतात, देज (लग्नात मुलीच्या घरी दिलेली रक्कम) परत करायचं की नाही ते ठरतं आणि फारकत होते. पुढे कोणी ती नाकारली, तर ती रूढी होती आणि ती पाळली गेली, हे कोर्टात पुराव्याने दाखवावं लागतं. म्हणून पंचांचा निर्णय तारीख, सह्या-अंगठे आणि साक्षीदारांसह लिहून घ्या. वकील करताना पहिला प्रश्न हा विचारा की, आदिवासी विवाहाचं प्रकरण तुम्ही आधी चालवलंय का? मी शहरातल्या चांगल्या वकिलांना इथे चुकताना पाहिलंय. हिंदू विवाह कायद्याखाली अर्ज टाकायचा आणि दोन वर्षांनी समोरच्याने हरकत घ्यायची. पोटगी, कौटुंबिक हिंसाचार कायदा आणि मुलांच्या ताब्यासाठीचा १८९०चा पालक व पाल्य कायदा मात्र सगळ्यांना लागू आहेत, जमात-धर्म कोणताही असो.

आणि आपल्याकडची सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे स्टॅम्प पेपरवरची सोडचिठ्ठी. दोघांनी सह्या केल्या, चार नातेवाईक साक्षीला, नोटरीचा शिक्का, फोटो चिकटवलेले. लोकांना वाटतं, मोकळे झालो. ज्या समाजात अशा काडीमोडाची जुनी रूढी खरोखर सिद्ध करता येते तेवढा अपवाद सोडला, तर हिंदू विवाह नोटरीपुढे तुटत नाही. त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न लावलं तर ते लग्न कायद्याने ठरत नाही आणि दुसऱ्या लग्नाचा गुन्हा अंगावर येतो. असा कागद तुमच्याकडे असेल तर फाडू नका, वकिलाला दाखवा. वेगळं राहण्याची तारीख सांगायला तो कामी येऊ शकतो.

समाजाची बैठक बसवायला माझा विरोध नाही. मोठ्या माणसांनी बसून लेकराचा खर्च ठरवला तर चांगलंच आहे. पण कोर्टात गेलात म्हणून वाळीत टाकू, अशी धमकी कोणी दिली तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६चा कायदा आहे. त्याखाली तो गुन्हा ठरतो.

कोणतं कोर्ट, हे वकिलाआधी समजून घ्या

जळगाव शहरात कौटुंबिक न्यायालय आहे. पण चाळीसगावचा किंवा रावेरचा दावा तिथेच जाईल असं धरून चालू नका. जिथे कौटुंबिक न्यायालयाची हद्द नाही तिथे घटस्फोटाचा अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालतो, आणि पालक-पाल्य कायद्याखालचा ताब्याचा अर्ज जिल्हा न्यायालयात. पोटगीचा आणि हिंसाचार कायद्याचा अर्ज फौजदारी बाजूला. खानदेशातले तिन्ही जिल्हे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाखाली येतात, म्हणजे वरची पायरी छत्रपती संभाजीनगरला.

हिंदू विवाह कायद्याचा अर्ज लग्न झालं तिथे, दोघं शेवटचे एकत्र राहिले तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे टाकता येतो. २००३ पासून बायकोला ती स्वतः राहते तिथेही टाकता येतो. पोटगीचा अर्जही ती राहते तिथे चालतो. ताब्याच्या अर्जाला मूल नेहमी जिथे राहतं ती जागा धरतात.

आमचं घोडं अडलं ते इथेच. खानदेशातली किती घरं सुरतेत, उधना-लिंबायतकडे पोट भरायला गेलीत हे सांगायला नको. नवरा तिथे राहतो, दावाही तिथेच टाकतो. बहिणीच्या पहिल्या वकिलाने सांगितलं, "संभाजीनगरहून बदलून घेऊ." सहा महिने त्या आशेवर गेले. उच्च न्यायालय आपल्याच राज्यातल्या एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात दावा हलवू शकतं. गुजरातेतून महाराष्ट्रात आणायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ खाली सर्वोच्च न्यायालयातच अर्ज करावा लागतो. बऱ्हाणपूर, सेंधवा, इंदूरचं सासर असेल तरी हाच नियम. लहान मूल, एकटी बाई, लांबचा प्रवास, कमाई नाही, ही कारणं तिथे ऐकली जातात, आणि त्या अर्जालाही मोफत विधी सहाय्य मिळतं. दावा हलेपर्यंत मूळ कोर्टातल्या तारखा मात्र सोडू नका. व्हिडिओवरून हजर राहता येईल का, ते विचारा.

कागदांची पिशवी

वकिलाकडे रिकाम्या हाताने गेलात तर पहिली भेट वाया जाते. लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, विवाह नोंदणीचा दाखला असेल तर तो, दोघांची आधार कार्डं, मुलांचे जन्मदाखले, शाळेचा बोनाफाईड, फीच्या पावत्या, दवाखान्याचे कागद, पोलिसांत दिलेल्या अर्जांच्या पोच. सगळ्याच्या झेरॉक्स द्यायच्या, मूळ कागद घरी. वकिलाने मूळ कागद कोर्टात लावायला मागितला तर देताना वहीत लिहून त्याची सही घ्या.

सोन्याच्या पावत्या वेगळ्या काढा. जळगावच्या सराफ बाजारातून लग्नाचं सोनं घेतलं असेल तर पावतीवर वजन, तारीख आणि कोणाच्या नावाने घेतलं ते असतं. पावती हरवली असेल तर दुकानात नक्कल मागून पाहा. माहेरचं-सासरचं अंगावर घातलेलं सोनं हे बाईचं स्त्रीधन आहे, ते परत मागायचा तिला हक्क आहे.

मग नवऱ्याची कमाई. कोर्टात हमखास ऐकू येणारं वाक्य: "मी बेकार आहे, शेती वडिलांच्या नावावर आहे." शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून रिटर्नमध्ये काही दिसत नाही. पण महाभूलेखवर सातबारा आणि आठ-अ कोणालाही पाहता येतो. पीकपेऱ्यात केळी लावलीय की कापूस, विहीर आहे की ठिबक, सगळं तिथे असतं. केळीच्या व्यापाऱ्याची पट्टी, जिनिंगला कापूस घातल्याची पावती, बाजार समितीची पट्टी, दूध संघाचं खातं, ट्रॅक्टरचं कर्ज, यातलं जे माहीत आहे ते लिहून न्या. नवरा भुसावळला रेल्वेत, दीपनगरला किंवा शाळेत नोकरीला असेल तर पगारपत्रक मागवण्याचा अर्ज वकील कोर्टात करू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र देणं बंधनकारक केलंय. ते दोघांनाही लागू आहे, म्हणून स्वतःचंही खरं लिहा. शिवणकामाचे चार पैसे लपवले आणि उलटतपासणीत निघाले तर बाकी खरंही खोटं वाटायला लागतं.

सगळ्यात मोलाचा कागद तुम्हालाच लिहायचाय: तारीखवार टिपण. लग्न कधी, कुठे राहिलो, मूल कधी, पहिला त्रास कधी, माहेरी कधी आलो, कोण मध्ये पडलं, बैठक कुठे झाली. दोन-तीन पानं, एका ओळीत एक घटना. याचं कारण असं की एकाच संसाराच्या तीन-चार केसेस होतात आणि त्या वेगवेगळ्या कोर्टांत जातात. पोटगीच्या अर्जात "मे महिन्यात हाकलून दिलं" आणि हिंसाचाराच्या अर्जात "जुलैत घर सोडलं" असं आलं, की समोरचा वकील फक्त तेवढ्यावर अर्धा तास उलटतपासणी घेतो. मोबाईलमधले मेसेज, फोटो, रेकॉर्डिंग पुसू नका आणि फोनही विकू नका. कोर्टात ते देताना त्यासोबत ठरावीक प्रमाणपत्र लागतं, ते वकील तयार करतो.

वकील शोधताना

आपल्याकडे वकील ओळखीने मिळतो. भावाचा मित्र, मामांचा भाडेकरू, जमिनीच्या वाटणीची केस चालवलेला जुना वकील. ओळख असायला हरकत नाही, पण जमिनीचे दावे वीस वर्षं चालवणारा माणूस लेकराच्या ताब्याचा अर्ज चालवेलच असं नाही. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर वकिलाच्या नावाने केसेस शोधता येतात. त्यात विवाहाच्या किती आहेत, त्या पुढे सरकतायत की नुसत्या तारखा पडतायत, याचा अंदाज येतो. वैवाहिक प्रकरणं बंद दाराआड चालतात, त्यामुळे कोर्टात बसून त्यांचं काम पाहता येणार नाही, पण ज्यांच्या घरात असं प्रकरण होऊन गेलंय त्यांना विचारता येतं. विचारताना "जिंकले का" यापेक्षा "फोन उचलायचे का, तारखेला स्वतः यायचे का, कागद द्यायचे का" हे विचारा.

लहान गावात आणखी एक तपासा: या वकिलाने सासरच्यांचं काम कधी केलंय का. याच वादात ज्याने आधी समोरच्याला सल्ला दिला, त्याने तुमचं वकीलपत्र घेऊ नये असा बार कौन्सिलचा नियमच आहे. सासऱ्यांची जुनी वाटणीची केस चालवली असेल तर नियमाने अडत नसलं तरी मला विचाराल तर दुसरा पाहा. मात्र कोर्टाच्या कँटीनला तुमचा वकील समोरच्या वकिलासोबत चहा पिताना दिसला म्हणून मन खट्टू करू नका. ते रोज एकत्र काम करतात. तडजोड व्हायची असेल तर ती बरेचदा तिथूनच सुरू होते.

बाईने बाई वकीलच करावी असंही नाही. ज्याच्यापुढे तुम्हाला लाजिरवाणी वाटणारी गोष्टही सांगता येईल, तो तुमचा वकील. तुम्ही सांगितलेलं गुप्त ठेवणं त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. म्हणून स्वतःच्या चुकाही सांगा. पहिल्या भेटीत बोलायला तुमच्यासोबत एकच माणूस असू द्या. आई, काका, मेहुणे असे पाच जण बसले की जिची केस आहे तीच गप्प राहते.

पहिल्या भेटीत काय विचारायचं

"साहेब, केस जिंकून द्याल ना?" हा प्रश्न विचारू नका. प्रामाणिक वकील त्याला होय म्हणू शकत नाही, आणि जो छातीठोकपणे होय म्हणतो त्याच्यापासून जपून राहा. त्यापेक्षा विचारा: माझ्या प्रकरणात कोणकोणते अर्ज होतील आणि त्यातला पहिला कोणता? मुलाच्या तात्पुरत्या ताब्याचा किंवा भेटीचा अर्ज कधी टाकाल? माझी कमजोर बाजू कोणती? तारखेला तुम्ही स्वतः याल की ज्युनिअर? कोर्टात काही दाखल करण्याआधी मला मराठीत वाचून दाखवाल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर काय मिळतं त्यावर मी माणूस ओळखायला शिकलो. बहिणीच्या दुसऱ्या वकीलबाईंनी कैफियतीचा, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तराचा, मसुदा तिला घरी दिला आणि म्हणाल्या, "जिथे खोटं किंवा वाढवून लिहिल्यासारखं वाटेल तिथे खूण कर." तिने सात ठिकाणी खुणा केल्या. उलटतपासणीच्या दिवशी ती डगमगली नाही, कारण कागदावर तिचंच बोलणं होतं.

कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका. ज्या केसचं वकीलपत्र आहे तिचं नाव त्यात लिहिलेलं असू द्या, वकिलाचा सनद क्रमांक पाहा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. कौटुंबिक न्यायालयात कायद्याने वकील हा हक्क नसतो, कोर्टाच्या परवानगीने तो उभा राहतो. परवानगी सहसा मिळते, पण तिथे समुपदेशकापुढे तुम्हाला स्वतःच बोलावं लागतं. त्याची तयारी करून घ्या.

फी

आकडा सांगण्यात अर्थ नाही, गावागावात आणि माणसागणिक तो बदलतो. पद्धती साधारण तीन: सगळ्या केसची एकरकमी, टप्प्याटप्प्याने (दावा दाखल, अंतरिम अर्ज, पुरावा, युक्तिवाद), किंवा दर तारखेला. माझं मत टप्प्यांच्या बाजूने आहे. तारखेवर पैसे ठरले की तारखा वाढल्याचं ओझं तुमच्यावरच येतं. एकरकमी आधी दिले की नंतर वकील बदलणं जड जातं. टायपिंग, झेरॉक्स, नोटरी, संभाजीनगरचा प्रवास फीमध्ये धरलाय की वेगळा, हे आधीच बोलून घ्या, साध्या कागदावर लिहून घ्या आणि दर वेळी पावती मागा. मागायला संकोच वाटत असेल तर पैसे यूपीआयने द्या, नोंद राहते.

"पोटगीची रक्कम मिळेल त्यातले इतके टक्के माझे" असं कोणी म्हणालं तर उठून या. निकालावर अवलंबून फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. आणि महाराष्ट्रात घटस्फोट, पोटगी, हिंसाचार अशा प्रकरणांत महिलांना कोर्ट फी माफ आहे. त्या नावाखाली कोणी पैसे घेत असेल तर विचारा, ही कसली फी?

पैसे नसतील तर

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आहे, आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती. १९८७च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. इतर पुरुषांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्नाची मर्यादा आहे. फोनवर विचारायचं तर १५१००. "फुकटचा वकील लक्ष देत नाही" असं लोक बोलतात. आमचा अनुभव उलटा आहे, सर्वोच्च न्यायालयातला अर्ज आम्ही याच मार्गाने केला. नेमलेला वकील खरंच लक्ष देत नसेल तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी अर्ज देऊन दुसरा मागता येतो.

लेकराचा ताबा

कोर्टापुढे एकच कसोटी असते, मुलाचं हित. आईबापाचे हक्क त्याखाली येतात. पाच वर्षांच्या आतलं मूल साधारणपणे आईकडे, असं १९५६चा कायदा म्हणतो. पण साधारणपणे, नेहमी नव्हे. मूल समजत्या वयाचं असेल तर न्यायाधीश त्याच्याशी स्वतंत्र बोलतात. त्याला पढवून नेऊ नका. माझ्या भाच्याला आम्ही एवढंच सांगितलं होतं की तिथे साहेब विचारतील ते खरं सांग, आणि पप्पांची आठवण येते असं वाटलं तर तेही सांग. त्याने ते सांगितलं. त्याने आमचं काही बिघडलं नाही.

बापांसाठीही हेच. चांगला बाप कोर्टात "आई वाईट आहे" हे सिद्ध करत बसतो आणि स्वतः मुलाचं काय काय करतो ते सांगायचं राहून जातं. शाळेच्या पालकसभेला कोण जातं, लस कोणी दिली, अभ्यास कोण घेतं, तापात रात्रभर कोण जागतं, याचे कागद आणि साक्षीदार जमवा. शेतावर दिवसभर राबणाऱ्या बापाने मुलाजवळ कोण असेल हे स्पष्ट सांगावं. आणि शाळेच्या फाटकातून मूल उचलून नेणं, हे कोणीही करू नये. त्याने मूल घाबरतं आणि केसही पडते. समोरच्याने असं केलं तर त्याच दिवशी पोलिसांत लेखी द्या आणि वकिलाला तातडीचा अर्ज करायला लावा. मूल कुणी बेकायदा अडवून ठेवलं असेल तर खंडपीठात हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करा असा आदेश मागण्याचा, मार्गही आहे.

आता भेटीचा आदेश. बहुतेक मसुद्यांत एक साचेबंद ओळ असते: दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी निम्मी-निम्मी. आपल्या घरांना ती पुरत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकरू कोणाकडे? श्रावणात कानबाईला सगळी भाऊबंदकी बापाच्या घरी जमते, रोट असतात, तेव्हा नातू नसेल तर आजी रडते आणि भांडण पुन्हा पेटतं. म्हणून वकिलाला सांगून सणांची नावं लिहून घ्या. बहिणीच्या आदेशात आखाजी आईकडे आणि कानबाई वडिलांकडे असं स्पष्ट लिहिलंय, आणि ती दोन वाक्यं घालायला वकीलबाईंना आम्हीच सांगितलं. मूल कुठे आणायचं, किती वाजता, कोण आणणार, व्हिडिओ कॉल कोणत्या वारी, आजारी पडलं तर काय, शाळा बदलायची तर दोघांची संमती लागेल का, हेही लिहा. आदेश जितका मोघम, तितक्या पुढच्या तारखा. ताब्याचा आदेश कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो. हे मूल गमावलं असं वाटणाऱ्याने लक्षात ठेवावं.

मुलाच्या खर्चाची जबाबदारी ताबा आईकडे गेला म्हणून बापावरून उतरत नाही. आईने तडजोडीत स्वतःची पोटगी सोडली, तरी मुलाचा हक्क ती सोडू शकत नाही.

केस चालू असताना

दाव्याचा सीएनआर क्रमांक मागून घ्या. सोळा अक्षरांचा असतो. अ‍ॅपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं ते दिसतं. पहिल्या वकिलाने "कोर्ट सुट्टीवर होतं" म्हणून सांगितलेल्या दोन तारखांना प्रत्यक्षात आमचं म्हणणं दाखल नसल्याची नोंद होती, हे मला तिथेच कळलं. दाखल होणाऱ्या प्रत्येक कागदाची प्रत मागा आणि एका फाईलमध्ये तारखेने लावा. वकिलाला मात्र रात्री-अपरात्री फोन करू नका. प्रश्न लिहून ठेवा आणि तारखेच्या आदल्या दिवशी एकदाच विचारा.

वकील बदलायची वेळ आली तर भांडू नका. लेखी पत्र द्या, राहिलेली फी चुकवा, ना हरकत घ्या. फी राहिली म्हणून वकिलाला तुमची फाईल अडवून ठेवता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात हे सांगितलंय. गंभीर गैरवर्तन असेल तर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. नुसती केस हरली, हे गैरवर्तन नव्हे.

संमतीने होत असेल तर

दोघांना मान्य असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम १३-ब हा सगळ्यात कमी त्रासाचा मार्ग. एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं, आणि दुसरी पायरी अठरा महिन्यांच्या आत. दोघं बराच काळ वेगळे असतील आणि पोटगी, ताबा सगळं मिटलेलं असेल तर सहा महिन्यांची अट कोर्ट शिथिल करू शकतं, हे २०१७च्या अमरदीप सिंग निकालापासून आहे. दुसऱ्या पायरीपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून सगळी रक्कम आधीच देऊ नका आणि सगळ्या केसेसही आधीच मागे घेऊ नका. किती रक्कम कोणत्या पायरीला, डिमांड ड्राफ्टने कोर्टापुढे, सोनं कोणत्या तारखेला, हे अटींमध्ये लिहा. दोघांनी एकच वकील केला तर पैसे वाचतात खरे, पण अटी सही करण्याआधी एकदा दुसऱ्या वकिलाला दाखवून घ्या.

घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्यावर अपिलाची मुदत संपल्याशिवाय दुसऱ्या लग्नाची बोलणी पक्की करू नका. ती मुदत तुमच्या प्रकरणात कधी संपते ते वकिलाकडून लिहून घ्या. हुकूमनाम्याच्या आणि ताब्याच्या आदेशाच्या सहीशिक्क्याच्या तीन नकला काढा. एक घरी ठेवा, एक वकिलाकडे, आणि एक मुलाच्या शाळेत मुख्याध्यापकांना पोच घेऊन द्या, म्हणजे उद्या कोणी दाखला काढायला आलं तर त्यांना काय करायचं ते माहीत असेल.